जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: डिस्कची वाटणी घाईत करू नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि धडधाकट लॅपटॉप माळ्यावर जायला लागले. तुमचा टाकू नका. चार जीबी रॅम असेल तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती त्यावर नीट चालते, आणि ती फुकट आहे. नवख्याने दहा डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) बघत बसू नये, हीच घ्यावी.

आयएसओ फाइल (जिच्यातून मिंट बसवतात ती) तीन जीबीच्या आसपास असते. वाडीत रेंज येत-जात असेल तर कुडाळला किंवा रत्नागिरीला, जिथे फायबर आहे तिथे जाऊन उतरवा आणि मिंटच्या साइटवरच्या एसएचए-२५६ कोडशी (फाइल जशीच्या तशी उतरली का ते कळतं) ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल पुढे उगाच छळते. मग आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने चढवा. एचपीवर एफ९, डेल आणि बऱ्याच लेनोव्होंवर एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. काही न बसवताच मिंट चालू होईल. वायफाय, आवाज, टचपॅड तपासून घ्या.

आता डिस्क: विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायचं आहे. माझं घोडं सुरुवातीला इथेच अडायचं, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. "काही होत नाही रे, नेक्स्ट-नेक्स्ट कर" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. 'इरेज डिस्क' निवडून पुढे गेलात की विंडोज आणि घरचे सगळे फोटो गेले. गडगा घालायच्या आधी मोजणी करतात, तशी इथेही आधी करा.

फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहा आणि तो बंद करा. फास्ट स्टार्टअपही बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि मिंटला त्याच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा, मिंटच्या इन्स्टॉलरमधून नको. पन्नास जीबी तरी मोकळी ठेवा.

इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' घ्या. इथे आकडे एमबीत असतात: विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसणारी डिस्क इथे ५००१०७ दिसते. गोंधळू नका, आकारावरून आपली मोकळी जागा ओळखा. तिच्यावर एकच पार्टिशन करा: प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट फक्त तिरकी रेघ (/). ईएफआय पार्टिशनला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) फॉरमॅटची खूण लावू नका, विंडोज सुरू व्हायचं बंद होईल. रॅमच्या दुप्पट स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) हवं, होम (आपल्या फाइलींची जागा) वेगळं हवं, हे जुने सल्ले सोडा. स्वॅप फाइल मिंट स्वतः करतं.

आणि लाईट! पावसाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरी मेलेला लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावल्याशिवाय 'इन्स्टॉल नाऊ' दाबू नका. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर दोन्हीकडचं बिघडू शकतं.

पुढचं सोपं: टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड, रीस्टार्ट. थेट विंडोजच उघडलं तर घाबरू नका. रीस्टार्ट करून पुन्हा एफ९ किंवा एफ१२ दाबा. यादीत 'उबुंटू' दिसेल, तेच तुमचं मिंट.

आत गेल्यावर आधी अपडेट मॅनेजर, मग ड्रायव्हर मॅनेजर चालवा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'मराठी कागप' लेआउट जोडा, उच्चाराप्रमाणे टाइप करता येईल.