सरकारी दवाखान्याचं लाइट बिल कमी करायचंय? निधी असा शोधा

सातारा-सांगली भागात मी बरेच ग्रामीण रुग्णालयं नि पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) फिरलोय, सगळीकडं पहिला विषय सोलरचा निघतो. माझं म्हणणं, सोलर शेवटी. आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापरापुरतं सोलर बसवा, नाहीतर जुन्या पंख्यांसाठी मोठा प्लांट मागत बसाल.

पहिल्यांदा बारा महिन्यांची बिलं एकत्र करा. युनिट, मंजूर भार, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामी येते ते प्रमाण), दंड लागलाय का ते बघा. मग वॉर्डात वही घेऊन फिरा, किती पंखे, ट्यूब, एसी, गिझर, नि रोज किती तास चालतात ते लिहा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा २८ ते ३५. म्हणजे ४० पंखे बदलले नि रोज १५ तास चालले तर दिवसाला २४ ते २८ युनिट वाचतात, हा हिशोब प्रस्तावात लिहाच, साहेब लोक तेवढंच आधी वाचतात. पेशंटच्या अंघोळीच्या गरम पाण्याला सोलर वॉटर हीटर, तोही विसरू नका.

आता पैसे. दवाखाना कुणाचा आहे यावर सगळं ठरतं. पीएचसी जिल्हा परिषदेची, म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून वर जा, ग्रामीण नि उपजिल्हा रुग्णालयाचा प्रस्ताव जिल्हा शल्य चिकित्सकांकडून जातो. एलईडी, पंखे अशी छोटी कामं रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडा. मोठ्या कामाला जिल्हा नियोजन समिती, नाहीतर आमदार-खासदार निधी. महाऊर्जा ही राज्य सरकारची ऊर्जा संस्था, तिचं ऑफिस पुण्यात आहे, एनर्जी ऑडिट (वीज वापराची तपासणी) नि सरकारी इमारतीवरच्या सोलरसाठी सध्या कोणती योजना चालूय ते तिथं लेखी विचारा. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेची सबसिडी मात्र घरांसाठी आहे, दवाखान्याला नाही, त्यात वेळ घालवू नका.

कळकळीनं सांगतो, मंजुरीआधी काही खरेदी करू नका. एका ठिकाणी आधीच एसी घेतले नि नंतर बिल पास करायला फिरत बसले, खूप वाईट वाटलं बघून. अंदाजपत्रक, तांत्रिक नि प्रशासकीय मान्यता, मग जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून खरेदी. आणि सोलरला एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते, टाकीची सावली नि गळती आधी तपासा, पॅनल बसल्यावर वॉटरप्रूफिंग करणं अवघड जातं.

प्रस्ताव दिवाळीच्या आत द्या, मार्चमध्ये कुणी ऐकून घेत नाही.