सिम्युलेटरची देखभाल आणि सरकारी कंत्राट: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

मी पिंपरीत एक लहानसा उद्योग चालवतो. लष्करी प्रशिक्षण संस्थांमधील नेमबाजीचे सिम्युलेटर (खरी गोळी न झाडता पडद्यावर सराव करून घेणारी यंत्रे), वर्गखोल्यांतील प्रोजेक्टर आणि त्यांना जोडलेली विद्युत उपकरणे यांची वार्षिक देखभाल हे आमचे मुख्य काम आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी, देवळालीचे तोफखाना विद्यालय, अहिल्यानगरचे चिलखती दलाचे केंद्र अशा संस्था आपल्या आसपास असल्यामुळे या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण अभियंते अधूनमधून माझ्याकडे चौकशीला येतात. यंत्र दुरुस्त करता येते, म्हणजे कंत्राट सांभाळता येईल, अशी त्यांची समजूत असते. माझीही तशीच होती. प्रत्यक्षात काम करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक कष्ट ते काम झाल्याचा कागद वेळेवर आणि योग्य शब्दांत तयार करण्यात जातात.

सुरुवातीला पैसा कोठून येतो ते समजून घ्यावे. नवा सिम्युलेटर विकत घेणे ही बहुधा भांडवली खरेदी असते आणि ती संरक्षण अधिग्रहण प्रक्रियेनुसार, मोठ्या कंपन्यांच्या पातळीवर चालते. देखभाल, चालक पुरवणे, प्रशिक्षण साहित्याची दुरुस्ती, खानावळ व स्वच्छता या सेवा मात्र महसुली खर्चात मोडतात आणि त्यांना संरक्षण खरेदी नियमपुस्तिका लागू होते. 2009 ची जुनी नियमपुस्तिका जाऊन 1 नोव्हेंबर 2025 पासून नवी लागू झाली आहे, त्यामुळे कुणा जुन्या कंत्राटदाराने सांगितलेला नियम तपासून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. सप्टेंबर 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने सिम्युलेटरच्या वाढीव वापराविषयी एक आराखडा जाहीर केला. सिम्युलेटर उभारण्याचे, चालवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम बाहेरच्या अनुभवी संस्थांना देता येईल, हे त्यात स्पष्टपणे आले. आमच्यासारख्यांना वाव आहे तो येथे.

सेवा जेम या सरकारी खरेदी संकेतस्थळावर उपलब्ध असेल तर ती तेथूनच घेणे सरकारी कार्यालयांना बंधनकारक आहे, म्हणून पहिली नोंदणी तेथे करावी. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद हवी. ती करताना आपला व्यवसाय ‘सेवा’ म्हणून नोंदवला गेला आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण अंदाजित रकमेच्या 2 ते 5 टक्के असणाऱ्या बयाणा रकमेतून सूक्ष्म व लघु उद्योगांना मिळणारी सूट उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना असते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना ती मिळत नाही. अनुभव आणि उलाढाल या अटींतील सूट ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती द्यायची की नाही हे खरेदीदार ठरवतो आणि निविदेच्या पहिल्या एक-दोन पानांवर त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहिलेले असते. तेवढा एक शब्द न वाचता रात्र रात्र जागून निविदा भरणारे मी पाहिले आहेत.

माझी पहिली निविदा तांत्रिक छाननीतच बाद झाली. एका खासगी कारखान्यातील कामाचे अनुभवपत्र मी जोडले होते, पण त्यात काम समाधानकारक झाल्याचे कौतुक होते, कामाची रक्कम आणि ते पूर्ण झाल्याची तारीख नव्हती. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर फक्त कागद असतो. माझे हात किती कुशल आहेत हे त्यांना कळण्याचा दुसरा मार्ग नाही. हरकत नोंदवण्यासाठी ठरावीक तासांची मुदत मिळते, पण निविदेसोबत जोडायचा राहिलेला महत्त्वाचा कागद नंतर ग्राह्य धरला जाईल असा भरवसा नसतो. तेव्हापासून कोणतेही काम संपले की त्याच आठवड्यात कार्यादेशाचा क्रमांक, रक्कम, कालावधी आणि पूर्णत्वाची तारीख घालून पत्राचा मसुदा मीच तयार करून देतो.

निविदेचा सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी असतो. जेमच्या छापील अटी सर्वत्र सारख्याच असतात, परंतु खरेदीदाराने जोडलेल्या अतिरिक्त अटींच्या फाइलमध्ये कामाची खरी व्याप्ती लिहिलेली असते. वार्षिक देखभाल ‘सर्वसमावेशक’ आहे की नाही, हा तेथे शोधायचा पहिला शब्द. सर्वसमावेशक कंत्राटात सुटे भाग आपल्या खिशातून जातात. नेमबाजीच्या सिम्युलेटरमध्ये प्रोजेक्टर, संगणक, पडद्यावरील लेझरचा ठिपका टिपणारा कॅमेरा, शस्त्रांवर बसवलेले लेझर, बंदुकीला झटका देणारी दाबयुक्त वायूची यंत्रणा आणि या सर्वांच्या मागे यूपीएस असतो. माझ्या पहिल्या कंत्राटात मी प्रोजेक्टरचे दिवे धरले, लेझर धरले, वायूच्या नळ्या आणि झडपाही धरल्या. यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र ‘उपभोग्य वस्तू’ आहेत, त्या संस्थाच देईल, असे गृहीत धरले. अटींमध्ये तसे कोठेही लिहिलेले नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात त्या सगळ्या बॅटऱ्या बदलाव्या लागल्या आणि त्या वर्षीचा नफा त्यातच गेला. दोष संस्थेचा नव्हता. निविदापूर्व बैठकीत मी गेलो असतो आणि एक प्रश्न लेखी विचारला असता, तर त्याचे उत्तर सर्वांनाच बंधनकारक झाले असते. यंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दर भरू नये, हेही त्याच वर्षी शिकलो. घाटमाथ्याजवळच्या दमट हवेत पडद्यावर धरलेली बुरशी कोणत्याही निविदेत लिहिलेली नसते.

दराविषयी थोडक्यात सांगतो. सर्वांत कमी दराला काम मिळते. लघु उद्योगाचा दर सर्वांत कमी दराच्या 15 टक्क्यांच्या आत असेल आणि कमी दराचा बोलीदार लघु उद्योग नसेल, तर त्याच दरात काम स्वीकारण्याची संधी मिळू शकते. मनुष्यबळ पुरवण्याच्या कंत्राटात केंद्र सरकारचे किमान वेतन, मालकाच्या वाट्याचा सुमारे 13 टक्के भविष्यनिर्वाह निधी, पात्र कामगारांसाठी 3.25 टक्के कर्मचारी राज्य विमा, बोनस असा सगळा हिशेब ठरलेला असतो, आणि वेतनातील महागाई भत्ता दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. स्पर्धा उरते ती फक्त सेवाशुल्कात. पुष्कळ बोलीदार एकाच आकड्यावर येतात आणि निवड संगणकावर सोडली जाते. नव्या माणसाने या वाटेने सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कौशल्याला किंमत आहे ती तांत्रिक देखभालीत.

कंत्राट मिळाल्यानंतरचा पहिला अडथळा म्हणजे संस्थेचे फाटक. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी लागते, प्रवेशपत्राला मुदत असते, मोबाइल फाटकावर ठेवावा लागतो आणि पेन ड्राइव्ह तर खिशातही चालत नाही. सॉफ्टवेअर नव्याने बसवायचे असले तर लेखी परवानगी, तपासलेले साहित्य आणि सोबत संस्थेचा माणूस, एवढे सगळे जुळून यावे लागते. शासकीय गुपिते अधिनियम 1923 आपल्यालाही लागू आहे, हे प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी सांगावे. आतील यंत्रासमोर छायाचित्र काढून ते समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस कुणाला येऊ नये. एक जादा तंत्रज्ञ कायम पडताळणी करून तयार ठेवावा. आमचा एकमेव तंत्रज्ञ प्रवेशपत्राची मुदत संपल्यामुळे बाहेर थांबला होता, तेव्हा आत सिम्युलेटर बंद होता आणि दंडाचे दिवस मोजले जात होते.

यंत्र ठरावीक टक्के वेळ चालू राहिले पाहिजे अशी अट असते आणि ते बंद राहिले तर रक्कम कापली जाते. ‘बंद’ म्हणजे नेमके काय, कोणत्या वेळेपासून, कुणाच्या नोंदीनुसार, हे पहिल्या आठवड्यातच संबंधित अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावे. वीज गेल्यामुळे, वातानुकूलन बिघडल्यामुळे किंवा वर्ग चालू असताना आत जाऊ न दिल्यामुळे गेलेला वेळ आपल्या खात्यात पडू नये. एका संस्थेतील साताऱ्याकडचे हवालदार मला म्हणाले होते, “साहेब, तुमचं यंत्र चालतंय हे मला दिसतंय, पण वहीत दिसत नाही.” त्या दिवसापासून आमची नोंदवही तारीख, तक्रारीची वेळ, पोहोचल्याची वेळ, कारण, बदललेला भाग आणि दोघांच्या सह्या यांसह रोज भरली जाते. प्रशिक्षणाचे वेळापत्रकही मागून घ्यावे. दोन तुकड्यांच्या मधले रिकामे दिवस हाच मोठ्या दुरुस्तीचा काळ. तुकडी दाखल झाल्यावर कुणाकडेही आपल्यासाठी वेळ नसतो.

बिलाचा प्रवास लांबचा आहे. वापरणारा विभाग काम झाल्याचे प्रमाणित करतो, जेमवर सेवा स्वीकारल्याची नोंद होते आणि मग कागद संरक्षण लेखा विभागाच्या नियंत्रकांकडे जातात. तेथे आक्षेप येतात ते बहुधा क्षुल्लक असतात: कार्यादेशातील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांत एका अक्षराचा फरक, बँक हमीची मुदत अपुरी, भविष्यनिर्वाह निधीच्या चलनाची प्रत नाही. त्यांवर चिडण्यात अर्थ नसतो. तो पैसा जनतेचा आहे आणि त्या टेबलावरच्या माणसालाही लेखापरीक्षणाला उत्तर द्यायचे असते. सूक्ष्म व लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे मिळावेत आणि विलंबावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळावे, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. मी त्या तरतुदीचा उल्लेख स्मरणपत्रात एकदाच केला आहे, आणि तोही बिलात माझ्याकडून काही उरलेले नाही याची तीनदा खात्री करून घेतल्यानंतर.

तिमाहीचे बिल तिमाही संपल्यावरच देता येते. त्यामुळे जानेवारी ते मार्च या कामाचे पैसे पुढील आर्थिक वर्षाच्या निधीतून येतात, आणि तो निधी एप्रिलच्या पहिल्या तारखेला टेबलावर तयार नसतो. मी दर वर्षी जानेवारीतच बँकेकडून खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून घेतो आणि तंत्रज्ञांचे एप्रिल, मे व जून असे तीन महिन्यांचे पगार बाजूला काढून ठेवतो.