शेजारी देशांच्या नकाशा संस्थांनी सामायिक भौगोलिक माहिती-व्यवस्था कशी उभारावी

अनेक देशांच्या नकाशा संस्था एकत्र आल्या, की पहिल्याच बैठकीत सर्व्हर आणि पोर्टल यांची चर्चा सुरू होते. ती चर्चा शेवटी ठेवावी. सदस्य देशांची भौगोलिक माहिती एकमेकांशी जुळावी यासाठीचा युरोपीय संघाचा ‘इन्स्पायर’ निर्देश २००७ मध्ये लागू झाला आणि त्याच्या अंमलबजावणीचे वेळापत्रक २०२१ पर्यंत चालले. तेवढ्या काळात माहिती पुरवण्याच्या तांत्रिक पद्धती बदलल्या, मात्र उंची कोठून मोजायची आणि सीमेवरची नदी कोणाच्या नकाशातून घ्यायची, हे प्रश्न होते तसेच राहिले.

सुरुवात करारापासून करावी. प्रत्येक संस्थेची माहिती तिच्याकडेच राहील, ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही तिचीच असेल आणि सामायिक व्यवस्था फक्त देवाणघेवाणीचे नियम ठरवील, हे त्यात स्पष्ट लिहावे. इन्स्पायरने सदस्य देशांवर नव्याने सर्वेक्षण करण्याची सक्ती केली नाही, उपलब्ध माहितीच ठरलेल्या स्वरूपात देण्यास सांगितले. एवढ्या देशांची संमती मिळण्यात या संयमाचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. वापराचा परवाना आणि खर्चाची वाटणीही याच टप्प्यावर ठरवावी, कारण एक देश नकाशे मोफत देतो आणि शेजारी विकतो, अशी स्थिती असेल तर एकत्रित नकाशा कोणत्या अटींवर द्यायचा, हा वाद पुढे हमखास उभा राहतो.

त्यानंतर संदर्भप्रणाली, म्हणजे स्थान आणि उंची कशाच्या आधारे मोजायची याची चौकट, ठरवावी आणि या कामाला भरपूर वेळ द्यावा. आडव्या स्थानासाठी युरोपने ‘ईटीआरएस ८९’ ही प्रणाली स्वीकारली. ती युरेशियन भूपट्टाच्या स्थिर भागाला बांधलेली असल्यामुळे, भूपट्ट वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर सरकत असला तरी युरोपातील ठिकाणांचे निर्देशांक जवळजवळ बदलत नाहीत. उपग्रहांवरून मिळणारे जागतिक निर्देशांक मात्र १९८९ पासून तिच्यापासून दूर जात आहेत, म्हणून प्रत्येक रूपांतराचे सूत्र आणि त्याची तारीख माहितीसोबतच नोंदवावी.

उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे. जर्मनीची उंची ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून येते, तर स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरच्या मार्सेयवरून. ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथे दोन्ही देशांना जोडणारा पूल बांधताना या दोन पातळ्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे अभियंत्यांना ठाऊक होते. दुरुस्ती करताना अधिक-उणे चिन्ह उलटे लागले, आणि फरक मिटण्याऐवजी दुप्पट, म्हणजे ५४ सेंटिमीटर झाला. बेल्जियमची शून्य पातळी तर ओस्टेंडच्या ओहोटीवर आधारलेली असल्याने डच पातळीच्या सुमारे २.३ मीटर खाली आहे. त्यामुळे ‘फरक इतका’ एवढी नोंद पुरेशी मानू नये; कोणत्या आकड्यात काय मिळवायचे आणि कशातून काय वजा करायचे, हे एका सोडवलेल्या उदाहरणासह लिहून दोन्ही संस्थांच्या सर्वेक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. (एका देशातही शून्य पातळी आपोआप ठरत नाही: भारताची १९०९ ची पातळी मुंबई आणि कारवारसह नऊ भरती-ओहोटी केंद्रांच्या नोंदींवरून ठरवली गेली.)

आता सीमा. दोन्ही देशांचे नकाशे शेजारी ठेवले, की सीमारेषेच्या दोन आवृत्त्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये कोठे फट तर कोठे आच्छादन राहते. आधी दोन्ही संस्थांनी मान्य केलेली एकच सीमारेषा तयार करावी, मग दोन्ही बाजूंची माहिती तिच्यापाशी कापावी आणि शेवटी रस्ते, नद्या व रेल्वेमार्ग सीमा ओलांडतात ते बिंदू परस्परसंमतीने पक्के करून त्यांना कायमचे क्रमांक द्यावेत. इन्स्पायरच्या दहाव्या कलमातही सीमेपलीकडे जाणाऱ्या घटकांचे स्थान व चित्रण संबंधित देशांनी परस्परसंमतीने ठरवावे, असे म्हटले आहे. किती मीटरपर्यंतचा फरक संगणकाने आपोआप जुळवावा आणि त्यापुढे माणसाने पाहावा, ही मर्यादा नकाशाच्या प्रमाणानुसार ठरवावी. सीमा वादग्रस्त असेल तर नकाशाकारांनी तंटा सोडवायला जाऊ नये. दोन्ही दावे वेगवेगळ्या नोंदी म्हणून ठेवावेत.

माहितीचा सामायिक आराखडा शक्य तितका लहान ठेवावा. इन्स्पायरने ३४ विषय घेतले आणि त्यांचे तपशीलवार नमुने बनवले. लहान संस्थांसाठी ते जड होते, आणि पुढे साध्या स्वरूपांनाही वाट करून द्यावी लागली. सुरुवातीला सीमा, जलप्रवाह, वाहतूक आणि स्थळनामे एवढेच घ्यावे. स्थळनामांत एकच ‘खरे’ नाव निवडू नये. एकाच नदीला जर्मनीत डोनाउ, हंगेरीत दुना आणि रोमानियात दुनारेआ म्हणतात. नोंद एक ठेवून प्रत्येक नावासोबत त्याची भाषा, लिपी आणि अधिकृतपणा लिहावा.

प्रत्येक घटकाच्या ओळखक्रमांकात मूळ संस्थेचा संकेत असावा. मेटाडेटासाठी, म्हणजे माहितीविषयीच्या माहितीसाठी, आयएसओ १९११५ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार आहे, वेगळे बनवण्याच्या भानगडीत पडू नये.

एवढे झाल्यावर सर्व्हरकडे वळावे. सर्व माहिती एका ठिकाणी ओतण्यापेक्षा प्रत्येक संस्थेने आपली सेवा आपणच चालवावी, म्हणजे जुन्या प्रती फिरत राहत नाहीत. पण मग एक सेवा मंदावली की एकत्रित नकाशात भोक पडते, म्हणून किमान दर्जा करारात लिहावा. इन्स्पायरने नकाशा-दर्शन सेवेसाठी ९९ टक्के उपलब्धता आणि ठरावीक आकाराच्या प्रतिमेला पाच सेकंदांत प्रतिसाद, अशी अट घातली होती. पहिली चाचणी सीमेच्या एकाच छोट्या, पण नदी, रस्ता आणि वस्ती असलेल्या पट्ट्यावर घ्यावी. त्याच चाचणीत एका बाजूने रस्त्याचे वळण मुद्दाम बदलून पाहावे: शेजारच्या संस्थेला ते किती दिवसांत कळते, कोणाकडून कळते आणि जोडबिंदू हलवण्याचा निर्णय कोण घेते, यांची उत्तरे नावानिशी मिळेपर्यंत दुसरा पट्टा हाती घेऊ नये.