पाय जाड, रक्ताचा रिपोर्ट मात्र निगेटिव्ह

मोझेइसिझम (शरीरातल्या काहीच पेशींत जनुकीय बदल असणं), एमटॉरचा मार्ग (पेशींच्या वाढीचा संदेशमार्ग) वगैरे तुम्ही एमएस्सीला शिकला आहात, ते परत उगाळत नाही. क्लिपेल आणि ट्रेनोने यांनी 1900 मध्ये वर्णन केलेली व्याधी घ्या: एक पाय जाड आणि लांब, त्यावर लालसर-जांभळा डाग, फुगलेल्या शिरा. यातल्या बहुतेक रुग्णांत पिक-थ्री-सीए जनुकातला बदल सापडतो. प्रोटियस सिंड्रोम (हाही अवयव बेढब वाढण्याचाच आजार) वेगळा, तिथे एकेटी-1 जनुक. ही गल्लत करू नका.

आता खरी मेख. रक्तावर विसंबू नका. गर्भ वाढताना एका पेशीत बदल होतो आणि तिचीच पिलावळ त्या पायात राहते. रक्त बनवणाऱ्या पेशी बहुधा त्या घराण्यातल्या नसतात, म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट रक्तापुरता अगदी खरा असतो. पायाबद्दल तो काहीच सांगत नाही! बायोप्सीच हवी, तीही बाधित भागाची.

बायोप्सी मिळाली तरी सुटका नाही. मी अडकले ते इथेच, आणि बरेच दिवस अडकून राहिले. आनुवंशिक आजारांसाठी लावलेले फिल्टर निम्म्याच्या आसपास रीड्समध्ये (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) दिसणारा बदल धरतात. आपला बदल तीन टक्क्यांवर असू शकतो. एक्झोमची (सगळ्या जनुकांच्या प्रथिनं ठरवणाऱ्या भागांची एकत्र तपासणी) डेप्थ, म्हणजे एकेक जागा किती वेळा वाचली ते, 100 असेल तर तीन टक्के म्हणजे तीन रीड. सॉफ्टवेअर ते कचरा समजून फेकतं. म्हणून टार्गेटेड पॅनेल (मोजक्या जनुकांची तपासणी), डेप्थ हजारांत, आणि पिक-थ्री-सीएच्या 542, 545, 1047 या जागा स्वतः उघडून बघायच्या. "एक्झोम करून टाक, सगळं दिसेल" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. कच्चा डेटा उघडू न देणारा गाइड तर शक्यतो बदलाच.

उलटी फसगतही होते. बायोप्सीचा तुकडा टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होऊन त्याच्या अक्षरांतल्या सी चा टी झाल्यासारखा दिसतो, समोरच्या धाग्यावर जी चा ए. 542 आणि 545 चे नेहमीचे बदल नेमके जी चे ए! शिवाय 545 च्या आसपासच्या भागाची जवळपास हुबेहूब नक्कल 22 व्या क्रोमोसोमवर बसली आहे. दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय सही करू नका.

घाबरू नका, डोळा तयार होतो. आणि या कामाला फळ आहे. ग्रहणात विळी धरली म्हणून बोल खाल्लेली आई समोर बसते तेव्हा ठामपणे सांगता येतं की हा बदल तिच्याकडून आलेला नाही आणि पुढच्या बाळाला धोका इतरांइतकाच. 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पिक-थ्री-सीएच्या बदलामुळे अशी वाढ होणाऱ्या गंभीर रुग्णांसाठी, वयाच्या दोन वर्षांपासून पुढे, अल्पेलिसिब या औषधाला मान्यता दिली. म्हणजे आपल्या रिपोर्टवर आता औषधाचा विचार होतो.

ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या दिवशीच सर्जनला फोन करा. एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, थेट बर्फात. नर्सबाईंनाही सांगून ठेवा, कारण बाटली त्याच भरतात.