सिंहाचा चार्ट करताय? मग या चुका टाळा

रात्रीचे साडेनऊ, नौपाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि आत आम्ही तीन पालक उरलेल्या चित्रांच्या शीटवर तुटून पडलेलो. ताईच्या मुलाचा, तिसरीतल्या, 'आपला सिंह' असा चार्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि पठ्ठ्याने सांगितलं कधी तर जेवताना. घरी येऊन चित्र कापलं, फेव्हिकॉल लावून चिकटवलं, वर झोकात 'गीरचा सिंह' लिहिलं आणि मग नीट बघितलं तर सिंह झेब्र्याच्या मागे धावतोय! गीरमध्ये कुठला आलाय झेब्रा? तिथे सिंहाचं मुख्य खाणं म्हणजे चितळ, मग सांबर, नीलगाय, रानडुक्कर, आणि हो, मालधाऱ्यांची, म्हणजे तिथल्या गुराख्यांची, गुरंसुद्धा. झेब्रा आफ्रिकेतला.

दुसरी चूक आमच्याच कात्रीची. आयाळीच्या कडेने गोल गोल कापताना कान उडाले. आता कोणी म्हणेल कानाचं काय एवढं, पण गीरचा सिंह ओळखायचा तोच तर कानावरून, त्याची डोक्यावरची आयाळ विरळ असते म्हणून कान कायम दिसतात, आफ्रिकेतल्या सिंहाचे बहुतेकदा दाट आयाळीत बुडालेले असतात. अजून एक खूण म्हणजे पोटाखाली लांबलचक कातडीची घडी लोंबत असते. चित्रात नसेल तर ब्राऊन पेन्सिलने काढा सरळ, चालतं.

हिरवंगार जंगल तर प्रत्येक चार्टवर असतंच. 'जंगलाचा राजा' म्हटलं की आपण वेली, धबधबे, सगळं काढून मोकळे. सिंह राहतो गवताळ माळावर, झुडपांत, आणि गीरमध्ये सागाच्या कोरड्या पानगळीच्या जंगलात. मे महिन्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात चक्कर मारा, पायाखाली वाळलेली पानं चुरचुरतात, सगळं मातकट पिवळं झालेलं असतं ना, साधारण तसं बॅकग्राउंड करायचं, कारण त्या रंगात सिंह बसला की चटकन दिसतच नाही, त्याच्या अंगाचा रंग तसाच आहे. (येऊरला सिंह नाही हां, बिबट्या आहे. आपल्याकडे बिबट्या दिसला तरी लोक 'वाघ आला' म्हणतात, त्यामुळे पोरांचा आधीच गोंधळ. पिल्लांचंही तेच, सिंहाचा छावा, वाघाचा बछडा. छाव्याच्या अंगावर पुसट ठिपके असतात म्हणून ते बिबट्याचं पिल्लू होत नाही.)

आता खाण्याचं. 'शिकार फक्त सिंहीण करते, सिंह आयतं खातो' हे वाक्य पाठ करून घेतलं जातं, ते अर्धंच खरं आहे. आफ्रिकेत नर-मादी एका कळपात असतात, बरीचशी शिकार सिंहिणी मिळून करतात आणि नर पुढे येऊन आधी ताव मारतो, सिंहाचा वाटा म्हणतात तो हाच, छाव्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. पण गीरमध्ये नर बहुतेक वेळ मादींपासून वेगळे फिरतात, मग त्यांना कोण आणून देणार? स्वतःची शिकार स्वतःच करतात. आणि रोज तीन वेळा जेवतो वगैरे लिहू नका, मिळालं की एका बैठकीत ३० किलोपर्यंत मांस हाणतो आणि मग पडून राहतो, दिवसाचे वीस-वीस तास. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या सफारीत सिंह झोपलेला दिसला की 'आजारी आहे वाटतं' म्हणणारे काका प्रत्येक बसमध्ये असतात. सोमवारी पार्क बंद असतं बरं का, आम्ही एकदा घोडबंदर रोडचं ट्रॅफिक खाऊन गेटवरून परत आलोय.

आकडे जुन्या वहीतून उतरवू नका. २०१५ ला ५२३, २०२० ला ६७४ आणि २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह.

आणि सगळं चिकटवून झालं असेल तर? फेव्हिकॉल वाळला की झेब्रा काही निघत नाही, कागद फाटतो फक्त. आम्ही अकरा वाजता सोपा मार्ग काढला, झेब्रा राहू दे, कान नाहीत तेही राहू दे, हिरव्यावर पिवळा खडू घासला आणि 'गीरचा' वर पांढरी पट्टी लावून 'आफ्रिकेचा' लिहिलं. खूश होऊन स्केचपेनचं टोपण लावतोय तर भाचा म्हणतो, "मामा, पण मॅडमनी 'आपला सिंह' सांगितलाय ना?"