दुसऱ्या दुपारची तयारी

एका रात्रीचा रेल्वेप्रवास कसाही निभावतो. मी लिहितोय ते दोन-तीन रात्री गाडीत काढणाऱ्यांसाठी. असा प्रवास जड जातो तो दुसऱ्या दुपारी. पहिल्या दिवशी नवलाई असते, शेवटच्या दिवशी उतरायची घाई. मधल्या दुपारी मात्र अंग आंबलेलं, फोन निम्म्यावर आलेला, आणि समोरच्याशी बोलण्यासारखं सगळं आदल्या संध्याकाळीच बोलून झालेलं. तयारी करायची ती या दुपारची.

सुरुवात तिकिटापासून. शक्य असेल तर डब्याच्या मधोमध जागा घ्या. डबा बहुधा दोन टोकांना चाकांच्या गाड्यांवर टेकलेला असतो (खरी बोगी ती, आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो). हादरे आणि खडखडाट तिथूनच वर येतात. शिवाय संडास टोकाला, आणि त्याचं दार रात्रभर आपटतं.

वरचा बर्थ की खालचा? मी सहा फूट एक इंच आहे, वर चढताना दरवेळी डोकं आपटतं, तरी मी वरचाच घेतो. खालच्यावर दिवसा सगळे बसतात. डोळे मिटायला लागले तरी आडवं होता येत नाही. दुपारी तीन वाजता हवं तेव्हा पाय पसरता येणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळतं. गुडघे कुरकुरत असतील तर अर्थात खालचा.

मोठी बॅग एकदा सरकवली की उतरेपर्यंत काढायची नाही. लागणारं सगळं एका कापडी पिशवीत, उशाशी टांगून: पाणी, चष्मा, गोळ्या, विजेरी, कानात घालायचे बोळे. आणि एक धुतलेला शर्ट आणि मोजे वेगळ्या पिशवीत. हे दुसऱ्या दुपारपर्यंत उघडायचे नाहीत. त्या वेळी तोंड-हात-पाय धुवून, दाढी करून ते घातले की निम्मा शीण उतरतो. दाढी गाडी थांबलेली असतानाच करा, हनुवटीवरच्या खुणेच्या अनुभवावरून सांगतो.

खिडकीवर फार भिस्त ठेवू नका. सिडनी-पर्थ मार्गावर नलरबॉरच्या माळरानात रूळ सलग ४७८ किलोमीटर नाकासमोर जातात, एक वळण नाही. तिथे किती वेळ बाहेर बघणार? मी छापील नकाशा नेतो आणि नद्या-पूल येतील तसे खुणा करत जातो. पोरकट वाटेल, पण त्यात सहज दोन तास जातात.

मोठ्या थांब्यावर उतरून चालाच, पण आधी डब्यातल्या कर्मचाऱ्याला विचारून. गाडी उशिरा धावत असेल तर सांगितलेला वेळ निम्मा धरा. वेळ भरून काढायला लांबलचक थांबेच छाटले जातात. मी एकदा पाण्याच्या बाटलीसाठी चपला घालून उतरलो आणि गाडी हलली. शेवटच्या डब्यात कसाबसा चढलो आणि अकरा डबे चालत परत आलो. एक चपल फलाटावरच राहिली. आडरानात थांबली तर मात्र अजिबात उतरू नका. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी ती उभी असते. ती गेली की कोणाची वाट न बघता सुटते.

जुन्या डब्यांतले संडास थेट रुळांवर उघडतात, तेव्हा गाडी स्टेशनात उभी असताना नको. पहाटे पाचला उठलात तर पाणीही असतं आणि रांगही नसते.

घड्याळाचं शेवटी सांगतो, पण त्यावरून लोक फार फसतात. मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ९,२८९ किलोमीटर. दोन टोकांच्या घड्याळांत सात तासांचा फरक. तिथल्या तिकिटांवर पूर्वी सगळ्या वेळा मॉस्कोच्याच असत; १ ऑगस्ट २०१८ पासून स्थानिक वेळ छापू लागले. कुठेही जा, तिकिटावरची वेळ नक्की कुठली हे आधी विचारा. फोन वाटेत आपलं घड्याळ आपणच बदलतो, म्हणून गजरासाठी साधं मनगटी घड्याळ बरं.

उतरल्यावर पहिल्या रात्री पलंग हलल्यासारखा वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला भेटायचं कबूल करू नका.