पिकअपच्या पुढच्या चाकांचं अलाइनमेंट: ओळंबा, लाईनदोरी आणि पाव फेरा

पिकअप एका बाजूला ओढायला लागली, नवं टायर एका कडेने खायला लागलं, की टाय रॉडला (पुढची चाकं एकमेकांशी जोडणाऱ्या दांडीला) पाना लावायची घाई होते. खरं तर ते या कामातलं शेवटचं पाऊल. ढिल्या जोडांवर केलेलं अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतं.

आधी दोन गैरसमज दूर करा. काळ्या रानातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून चिखल बसतो आणि वाळला की विटेसारखा कडक होतो. चाकाचा तोल जातो, वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. खुरप्याने खरवडून धुऊन काढा. थरथर थांबली तर दोष अलाइनमेंटचा नव्हताच. दुसरं, आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, त्यामुळे हात सोडला की गाडी हळूहळू डावीकडे जाणारच. ओढते की नाही हे सपाट जागेवरच ठरवा.

जागा सपाट हवी. मोंढ्यातल्या गोदामाचा किंवा जिनिंगचा कोबा उत्तम; शंका असेल तर गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही चाकांखालची पातळी तपासा. गाडी रिकामी ठेवा. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी भरा. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा जास्त दाखवते.

आता ढिलेपणा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढचा अॅक्सल जॅकवर घेऊन घोडीवर (स्टँडवर) ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग ढिलं, राहिला तर चाक ज्यावर वळतं ती किंग पिन किंवा बॉल जॉइंट. मग चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. इथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट आणि पाटा चेसिसला टांगणाऱ्या शॅकलचे बुशही बघा. यातलं जे ढिलं असेल ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मागचा अॅक्सलही विसरू नका. ओव्हरलोडमुळे पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. चाकं सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक स्पष्ट दिसला तर आधी तेच दुरुस्त करा, नाहीतर पुढे कितीही मापं घेतली तरी स्टिअरिंग वाकडंच राहील.

मोजायला मशीन नसलं तरी चालतं. चाक उचललेलं असतानाच टायरच्या नक्षीवर मधोमध खडू फासा, लाकडी ठोकळ्यात खिळा ठोकून तो टायरला टेकवा आणि चाक फिरवा. बारीक रेघ उमटते. खिळा हलता कामा नये. तेवढं सांभाळलं तर रिम थोडी वाकडी असली तरी रेघ खरी येते. दोन्ही चाकांवर रेघ मारून गाडी खाली घ्या, स्टिअरिंग सरळ धरून तीन-चार मीटर पुढे ढकला आणि तिथेच थांबवा. मागे ढकलून मोजलं तर जोडांमधली ढील उलट्या बाजूला जाते आणि माप चुकतं.

आता रेघेवर, हबच्या उंचीला, टायरच्या पुढच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि कोब्यावर खूण करा. तशीच खूण मागच्या टोकाखाली. दोन्ही चाकांच्या मिळून चार खुणा झाल्या की गाडी बाजूला घ्या आणि जमिनीवर मोजा. असं केलं की मोजताना चेसिस आड येत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी तर टो-इन, जास्त तर टो-आऊट. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पुढे पाटे असलेल्या गाडीला साधारण शून्य ते ३ मिमी टो-इन असतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा.

टायरवरून हात फिरवूनही कळतं. आतून बाहेर हात नेताना नक्षीच्या कडा बोचल्या तर टो-इन जास्त. बाहेरून आत नेताना बोचल्या तर टो-आऊट.

टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे लॉक नट किंवा क्लॅम्प सैल करा. एका टोकाला उलटे आटे असतात, तिथे जोर लावून आटे खराब करू नका. गंजले असतील तर आदल्या रात्रीच तेल सोडा. रॉड अॅक्सलच्या मागे असेल तर लांबी वाढवली की टो-इन वाढतं, पुढे असेल तर कमी होतं. इथेच बहुतेकांचा हात घसरतो. आटे दीड मिमीचे धरले तर एका फेऱ्यात, दोन्ही टोकं मिळून, रॉडची लांबी ३ मिमी बदलते. स्टिअरिंग आर्म (टाय रॉड चाकाला जोडणारा हात) १५ सेंमी आणि टायर ७० सेंमी व्यासाचं असेल तर टायरवर तोच फरक १४ मिमी होतो. म्हणजे पाव फेऱ्यात साडेतीन मिमी! म्हणून पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. गाडी मागे नेऊन पुन्हा पुढे ढकला, पुन्हा मोजा.

स्टिअरिंग व्हील वाकडं राहिलं तर ते उपटून सरळ बसवू नका. स्टिअरिंग बॉक्स मधल्या जागेवरच राहायला हवा. पाट्यांच्या गाडीत ड्रॅग लिंकची (बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) लांबी बदला. बॉक्सऐवजी रॅक असलेल्या गाडीत एका बाजूचा टाय रॉड जेवढा आखूड कराल, तेवढाच दुसऱ्या बाजूचा लांब करा.

कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) घरी करायचं काम नाही. पाट्यांच्या पुढच्या अॅक्सलला कॅम्बरची सेटिंग नसते. तो बिघडला तर अॅक्सल वाकलाय किंवा किंग पिन झिजलीय. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल आणि नुकतेच पाटे बदलले असतील, तर पाट्याखालची पाचर राहिली किंवा उलटी बसली का ते पाहा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीसाठी शहरातल्या मशीनवरच जा आणि आधीचं व नंतरचं, दोन्ही प्रिंट मागून घ्या.

लॉक नट घट्ट केल्यावर टाय रॉड एंड अडकत नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. कॅसल नटच्या खाचेत भोक जुळत नसेल तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा आणि नवी स्प्लिट पिन घाला. शंभरेक किलोमीटरनंतर, भरलेली खेप झाल्यावर, तेच नट पुन्हा एकदा तपासा.